बायकांची वेळ, दोन ते चार

४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही मनातल्या मनात मला चार शब्द सुनावले असतील. सुनावा, पण आधी कारण ऐका. वाचनालयात संगणक आलेत! एकदम सहा. ग्रंथालय खात्याच्या योजनेतून. छपरावर इंटरनेटची तबकडी बसवलीय, आणि एका संगणकाला तर कॅमेरासुद्धा आहे. टेम्पोतून खोकी उतरत होती तेव्हा समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं, आणि त्याचं मशीन गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं तरी थांबत नाही.

पण खोकी उतरली म्हणजे संगणक आले असं नसतं, हे मला महिनाभरात कळलं. आमच्या समितीचे अध्यक्ष तुम्हाला आठवत असतील, पिठाची गिरणी असलेले अण्णा. माणूस सरळ, सचोटीचा, पण वस्तू जपायच्या म्हणजे वापरायच्याच नाहीत या मताचा. त्यांनी सहाही संगणक समितीच्या खोलीत मांडले, वर पांढऱ्या चादरी घातल्या आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. खिडकीतून बघितलं की शवागारात डोकावल्यासारखं वाटायचं.

“अण्णा, लोक विचारतायत.”

“बघू देत की. खिडकी उघडीच आहे.”

“वापरायला कधी मिळणार म्हणून विचारतायत.”

“बाई, वापरले की बिघडणार. आणि बिघडले की दुरुस्त कोण करणार, तुम्ही?”

शेवटी ग्रंथपाल म्हणून मी बैठकीत योजनेच्या अटी मोठ्याने वाचून दाखवल्या. संगणक लोकांना वापरायला दिले नाहीत तर ते उचलून नदीपलीकडच्या वाचनालयाला देण्यात येतील. नदीपलीकडच्या वाचनालयाचे अध्यक्ष कोण, माहितीये ना? तिथले गिरणीवाले! दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी निघाल्या.

मी दुपारी दोन ते चार ही वेळ फक्त बायकांसाठी ठेवलीय. पहिल्या दिवशी कोणी फिरकणार नाही अशी मनाची तयारी केली होती. दोन वाजायच्या आत दारात एक बाई उभी. अण्णांची सून! केसांवर पीठ, हातात चप्पल. आत यायची परवानगी आहे का, असं विचारत होती.

तुमचे बंधुराज खुशाल आहेत. आरामखुर्ची आणि ते यांच्यात आता फारसा फरक उरलेला नाही.

तुमची
वहिनी

*

१९ फेब्रुवारी

वहिनी,

फोन का घेत नाही असं दादा विचारतो म्हणे. त्याला सांग, रुग्णालयाच्या धुलाईखान्यात अर्धं आयुष्य काढल्यावर माझ्या कानांनी राजीनामा दिलाय. मी अजून दिलेला नाही. मोठी यंत्रं फिरायला लागली की माझ्या हाताखालच्या बायका एकमेकींशी हातवाऱ्यांनी बोलतात. मी मुकादम आहे, तेव्हा मला ओरडावं लागतं, आणि मी काय ओरडले ते माझं मलाच ऐकू येत नाही. म्हणून पत्र.

संगणक आले, चांगलं झालं. आमच्या रुग्णालयातही आहेत. कारकून त्यावर पत्ते खेळतात. तेव्हा फार हुरळून जाऊ नकोस. यंत्र आलं म्हणजे काम होतं असं नाही, माणूस खुर्चीत बसावा लागतो.

एक सांगते ते लगेच कर. खुर्च्या कशा मांडल्यात? बसणाऱ्या बाईची पाठ दाराकडे असेल तर येणारा-जाणारा तिच्या खांद्यावरून वाचणार, आणि ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. पडद्याची पाठ दाराकडे कर, बाईची पाठ भिंतीला लाव. मग बघ.

ही अण्णांची सून म्हणजे जिचा नवरा तापाने गेला तीच ना? बिचारी, असं लिहिणार होते. पण हातात चप्पल घेऊन पहिली येणारी बाई बिचारी नसते.

दादाला म्हणावं, खुर्चीतून उठ.

वन्सं

*

२८ मार्च

वन्सं,

खुर्च्या फिरवल्या. त्या आठवड्यापासून बायका मावेनात! आता बाहेर बाकावर पाळी लावून बसतात आणि आतलीचं लवकर आटपावं म्हणून खोकतात.

एक बाई तिरळ्या डोळ्याची लहान लेक घेऊन आली. गावात तिला सगळे सांगत होते, हे जन्माचं, आता असंच राहणार. आम्ही दोघींनी शोधून शोधून वाचलं, तर वय लहान आहे तोवर शस्त्रक्रियेने फरक पडतो, आणि अशी शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय बसने अर्ध्या दिवसावर निघालं. ती बाई तिथेच पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाहेरच्या बाकावरचं खोकणं बंद झालं. समोरचा शिंपी आता बायकांची वेळ संपली रे संपली की धावत येतो आणि कॉलरींची चित्रं बघतो. परवा त्याने एका सरळसाध्या गिऱ्हाइकाला अशी कॉलर लावून दिली की त्याला मान वळवता येईना.

पण खरं सांगायचंय ते अण्णांच्या सुनेचं. गावात तिला सगळे गिरणीवालीच म्हणतात. मुलगा गेल्यावर अण्णांचा गिरणीतला जीवच गेला. हिने पट्टे बदलायला शिकून घेतलं, मोटर खोलायला शिकली. कुठला आवाज बिघडल्याचा आणि कुठला नुसता कुरकुरण्याचा, हे ती लांबून ओळखते. डाव्या मनगटावर पट्ट्याने कापल्याची लांब खूण आहे, ती दागिन्यासारखी मिरवते. संगणकावर तिला काय शोधायचंय विचारलं, तर म्हणाली, “मोठी यंत्रं. बायका चालवतात अशी.”

शोधता शोधता तिला तुमच्या शहरातलं बंदर सापडलं. तिथे जहाजांवरून कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन असतात, दहा-पंधरा मजली उंच. त्या चालवायचं प्रशिक्षण यंदा पहिल्यांदाच बायकांना देणार आहेत, राहायचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. अर्ज फक्त संगणकावरून. तिने तो इथेच बसून भरला. तिचा ई-मेलचा पत्ताही आम्हीच काढला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावाचा पत्ता झाला, असं म्हणाली.

घरी विचारलं तिने. मी गिरणीत दळण घेऊन उभी होते, म्हणून ऐकलं.

“अण्णा, बंदरावर शिकायला जाऊ का?”

“घरात काय कमी आहे?”

“कमी काही नाही.”

“मग? माझ्यामागे ही गिरणी तुझीच आहे. दुसऱ्याची यंत्रं कशाला चालवायची?”

अण्णांनी मायेनेच म्हटलं हो. तिने मान हलवली आणि माझं दळण घातलं. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. मिटलं म्हणायचं. आता ती येते आणि तुमच्याच चौकशा करते. वन्सं कुठे राहतात, धुलाईखाना कुठला, एकट्या शहरात गेल्या तेव्हा वय काय होतं. तुमच्या गोष्टी मी जरा मीठमसाला लावूनच सांगते.

तुमची
वहिनी

*

११ मे

वन्सं,

घाईत लिहितेय. गिरणीवाली गेली. काल सकाळी अण्णा उठले तर घर झाडलेलं, पाणी भरलेलं, आणि ही नाही. गिरणीत दळणाचे दर लिहायची पाटी आहे, तिच्यावर दरांच्या खाली खडूने लिहिलेलं: “मी सुखरूप आहे. शोधू नका. कळवीन.”

अण्णा तडक वाचनालयात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला विचारलं, “बाई, कुठे आहे ती?” मी म्हटलं, “अण्णा, मला खरंच माहीत नाही.” त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि त्यांना पटलं. मग आत गेले, वापरणाऱ्यांना उठवलं, सहाही यंत्रांवर चादरी घातल्या आणि कुलूप लावलं. जाताना एवढंच म्हणाले, “माझं घर या खोलीतून फुटलं.”

गावात काय बोलतात ते लिहवत नाही. कोणी म्हणतं संगणकावर कोणाशी तरी जुळलं. कोणी म्हणतं मी फूस लावली. बंदराचं मनात आलं माझ्या, पण तिकडून बोलावणं आल्याचं तिने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि ती सांगितल्याशिवाय राहिली नसती असं मला वाटतं. बंदराच्या कचेरीत फोन केला, तर उमेदवारांची माहिती देत नाही म्हणाले.

तुमचं शहर म्हणजे मुंग्यांचं वारूळ, ठाऊक आहे मला. तरी पण. उंच आहे, भरभर चालते, डाव्या मनगटावर खूण. कुठे दिसली तर कळवा.

वहिनी

*

२० मे

वहिनी,

पत्र मिळालं. घाबरू नकोस. मोटर खोलणारी बाई रस्त्यात हरवत नाही. इथे रोज शेकड्यांनी बायका येतात, पिशवी घेऊन उतरतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं बरं चालतं. मी उतरले तेव्हा माझ्याकडे पिशवीही नव्हती.

आता कुलपाचं बघ. अण्णांच्या विनवण्या करू नकोस. दुखावलेल्या माणसाच्या जितक्या विनवण्या कराव्यात तितका तो ताठ होतो. सभासदांची सर्वसाधारण सभा बोलाव. ती अध्यक्षांना टाळता येत नाही. ज्या बायकांची कामं झाली त्यांना घेऊन जा, आणि तू कमी बोल. तुला ते कठीण जाईल, पण बोल कमी.

माझं इथे ठीक. एक गादी नवीन घेतली. खोली लहान आहे, त्यामुळे दुसरी गादी घातली की दार अर्धंच उघडतं. स्वयंपाक जरा वाढवते हल्ली. संध्याकाळी घरी आलं की चहा आयता मिळतो, ही चैन मला या वयात माहीत झाली. बाकी काही विशेष नाही.

अण्णांचा दमा कसा आहे? सकाळची गोळी घेतात का वेळेवर? कोणीतरी बघायला पाहिजे.

वन्सं

*

८ जून

वन्सं,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग तुमच्या बंधुराजांना वाचून दाखवलं. ते खुर्चीतून उठले! ‘दुसरी गादी’ ऐकून उठले आणि ‘आयता चहा’ ऐकून परत बसले. वन्सं, एवढा आडपडदा कशाला? या वयात सोबत मिळाली तर आम्हाला आनंदच आहे. गृहस्थ काय करतात? रुग्णालयातलेच का? चहा करणारा पुरुष म्हणजे मी तर म्हणते सोडूच नका. तुमचे बंधू जरा घुश्शात आहेत, पण ते होईल ठीक.

आता इकडचं. सभा घेतली. वाचनालयात एवढी माणसं मी वार्षिक सभेच्या दिवशीही बघितलेली नाहीत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी कमी बोलायचं ठरवलं होतं. आधी शिंपी उठला. म्हणाला, “मी पंचवीस वर्षं एकच कॉलर शिवत होतो, मला वाटायचं जगात तेवढीच आहे.” लोक हसले. मग तिरळ्या डोळ्याच्या लेकीची आई उठली. तिने काही भाषण केलं नाही, लेकीला पुढे उभं केलं. डोळ्यावरची पट्टी निघून आठवडा झालाय. मुलगी सगळ्यांकडे सरळ बघत होती. कोणी हसलं नाही.

मग अण्णा. “यांची कामं झाली, आनंद आहे. माझी सून त्या खोलीतून गेली, त्याचं काय?”

आणि मी गप्प राहायचं ते विसरले. म्हटलं, “अण्णा, ती खोलीतून नाही गेली. तुमच्या घराच्या दारातून गेली.”

वन्सं, बोलले ते खरंच होतं, पण ते सगळ्यांच्या देखत बोलायला नको होतं. अण्णांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. त्यानंतर मतदान घ्यायला कोणाचंच मन होईना. ठरलं ते असं: खात्याच्या निरीक्षकबाई जुलैच्या सुरुवातीला येतील, तोवर किल्ली अण्णांकडे. निरीक्षकबाईंनी चादरी बघितल्या की संगणक नदीपलीकडे जाणार, हे सभेतल्या शेंबड्या पोरालाही कळलं. पण मी हार मानलेली नाही. पत्रं तयार केलीत, खात्याला पाठवणार आहे. ज्या गावाने एकदा चव घेतली ते गाव परत उपाशी झोपत नाही.

दम्याचं विचारलंत. वाईट आहे. सकाळची गोळी तीच द्यायची, आता आठवण करणारं कोणी नाही. गिरणी दिवसाआड चालते.

तुमची
वहिनी

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि बोटावर गोंद तसाच राहिला. अण्णांना दमा आहे हे मी तुम्हाला कधी लिहिलं? कुठल्याच पत्रात नाही. वन्सं, दुसऱ्या गादीवर कोण झोपतं?

*

१७ जून

वहिनी,

गृहस्थ उंच आहेत, भरभर चालतात, आणि डाव्या मनगटावर खूण आहे. दादाला वाचून दाखव आणि म्हणावं, आता चहा पी.

पहिल्यापासून सांगते. मे महिन्यात एक दिवस धुलाईखान्याच्या दारात ही उभी. यंत्रं चालू होती. मी ओरडले, “काय पाहिजे?” तर ही माझ्याकडे बघतच नव्हती, तिसऱ्या नंबरच्या यंत्राकडे बघत होती. खिशातून कागद काढून तिने लिहिलं: ‘त्याचं बेअरिंग जाणार आहे.’ दुसऱ्या दिवशी गेलं. मी काय करणार होते? घरी घेऊन आले.

तिला बंदरावरून चाचणीचं बोलावणं तुमच्याच वाचनालयात, ई-मेलवर आलं होतं. तुला मुद्दाम सांगितलं नाही. तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. अण्णा येऊन पहिल्यांदा तुलाच विचारणार हे तिला माहीत होतं. तुला ठाऊक नसेल तरच तू वाचशील, असा तिचा हिशेब. मलाही तिने शपथ घातली. पहिल्या परीक्षेत अर्ध्यांना घरी पाठवतात म्हणे. नापास होऊन परत यायचं असेल तर गावाला आधी काही कळू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. मला ते पटलं. तुझ्या काळजीचं मला वाईट वाटत होतं, पण शपथ ती शपथ.

परवा निकाल लागला. पास. वीस जणींतल्या नऊ राहिल्या, त्यात ही. काल तिला पहिल्यांदा एकटीला वर पाठवलं. मी बघायला गेले होते, रजा टाकून. लोखंडी शिडी चढत ती इतकी लहान होत गेली की डोक्यावरचं पिवळं शिरस्त्राण तेवढं दिसत राहिलं. मग वरून तो भला मोठा डबा हलला, सरकला, आणि ट्रकवर असा बसला, जसं तान्हं मूल पाळण्यात ठेवतात. खाली उभा असलेला शिकवणारा दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही, पण त्याने भुवया वर केल्या, ते मला दिसलं.

आता अण्णांचं. रोज विचारते ती त्यांचं. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. मी म्हटलं पाठव की एक. तर म्हणते, “मी सुखात आहे असं लिहिलं तर त्यांना खरं वाटणार नाही. ते धान्यसुद्धा ओंजळीत घेऊन बघितल्याशिवाय घेत नाहीत. मला बघितलं तरच पटेल.” बंदराच्या प्रशिक्षण केंद्रात कॅमेऱ्याचा संगणक आहे, रविवारी दुपारी शिकणाऱ्यांना घरच्यांशी बोलायला देतात. तुमच्याकडेही एक आहे, चादरीखाली.

तेव्हा आता तुझं काम. अण्णांकडे तू स्वतः जा. सभेत नको, समितीत नको. घरी जा. आणि जे सगळ्यांच्या देखत बोलायला नको होतं असं लिहिलंस, ते आधी त्यांना सांग.

वन्सं

*

५ जुलै

वन्सं,

सगळं सविस्तर लिहायचं म्हणून मुद्दाम आज बसलेय. निरीक्षकबाई येऊन गेल्या, त्यांचं पुढे लिहिते.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी अण्णांकडे गेले. गिरणी बंद होती, ते ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, “अण्णा, सभेत बोलले ते चुकलं माझं.” त्यांनी हाताने बसायची खूण केली. मग मी सांगितलं. कुठे आहे, काय शिकते, कोणाकडे राहते, सगळं. त्यांचा चेहरा वाचता येईना. शेवटी म्हणाले, “जिवंत आहे.” मी म्हटलं, “जिवंत काय अण्णा, पास झालीय.” तर एकदम भडकले. “पास झालीय! इथे मी विहिरी धुंडाळल्या!”

वन्सं, हे मला माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. म्हातारा पहाटे उठून एकटा नदीकाठी, विहिरींवर फिरत होता. पाटीवर सुखरूप लिहिलं होतं तरी. तिला हे कळवा किंवा नका कळवू, तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही.

रविवारचं मी सांगितलं. ते नाही म्हणाले. “मला नाही बघायचं. तिला बोलायचं असेल तर तिने दारात यावं.” मी वाद घातला नाही. निघताना एवढंच म्हटलं, “किल्ली तुमच्याकडे आहे अण्णा. मी दुपारी दीडला वाचनालयात असेन.”

रविवारी मी एकला गेले, तर अण्णा पायरीवर. इस्त्रीचा सदरा, केस पाण्याने बसवलेले. कुलूप काढलं, चादर काढली, तिची नीट घडी घातली, आणि कॅमेऱ्याच्या संगणकासमोर पाठ ताठ करून बसले, फोटो काढायला बसतात तसे. दोन वाजले. जोडणी लागेना. मी घामाघूम. मग पडदा हलला, रेघा आल्या, आणि ती दिसली. पिवळं शिरस्त्राण काखेत, चेहरा उन्हाने काळवंडलेला, पण वन्सं, गाल भरलेत हो तिचे! तुमच्या हातचं मानवलंय.

मग अण्णा ओरडले. अगदी गिरणी चालू असताना ओरडतात तसे. शहर लांब म्हणून आवाजही मोठा हवा असं त्यांना वाटलं असणार.

“जेवलीस का?”

“जेवले अण्णा. हळू बोला, ऐकू येतंय. गोळी घेतली का?”

“घेतो कधीतरी.”

“कधीतरी नाही. रोज.”

“तू कोण मला सांगणार?” असं म्हणाले. ती खाली बघायला लागली. एवढा खटाटोप करून इथेच संपतं की काय! मग अण्णांनीच विचारलं, जरा खालच्या आवाजात, “यंत्र कसं आहे?”

तिने मान वर केली. कॅमेरा वायरसकट उचलला आणि खिडकीकडे धरला. पलीकडे क्रेनच क्रेन, एकीमागे एक. अण्णा पडद्याला नाक लावून बघत होते.

“पट्टा कुठाय?”

“पट्टा नसतो अण्णा, पोलादी दोर असतात. वर ढोल आहे, त्यावर गुंडाळतात.”

“तेलपाणी कोण करतं?”

“दुसरी माणसं आहेत. पण मी उतरताना बघून येते.”

“बघायलाच पाहिजे. दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवू नये.” आणि मग, “माझ्याजवळ का नाही बोललीस?”

“बोलले होते अण्णा. एकदा.”

“एकदा बोलून भागतं का? मी म्हातारा माणूस. मला दोनदा सांगावं लागतं.”

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. अण्णा नुसते “बरं, बरं” म्हणत पडद्यासमोर हात हलवत राहिले, माशी हाकलल्यासारखा. मी मागे वळले तर दारात हे एवढे लोक! शिंपी, बायका, पोरं. रविवारी दोन वाजता खोली उघडी दिसली म्हणून बायका आपली वेळ समजून आल्या होत्या, आणि बाकीचे त्यांच्यामागोमाग. अण्णांनीही बघितलं. मला वाटलं हाकलतील. ते म्हणाले, “उभे काय राहिलात? बाकीचे पाच रिकामे आहेत.”

निरीक्षकबाई मंगळवारी आल्या तेव्हा सहाही खुर्च्या भरलेल्या होत्या आणि बाहेर बाकावर खोकणं चालू होतं. त्यांनी बघितलं, लिहून घेतलं, आणि आणखी दोन संगणकांची शिफारस करते म्हणाल्या. किल्ली आता माझ्याकडे आहे. अण्णांनी दिली नाही, रविवारी कुलपातच राहिली होती. ते परत मागायलाच आले नाहीत.

काल मात्र ते आले. बायकांची वेळ संपल्यावर, आजूबाजूला कोणी नाही असं बघून.

“बाई, एक विचारायचं राहिलं तिला. लोक होते म्हणून विचारलं नाही. लिहून विचारता येतं ना यावर?”

मी त्यांना बसवलं आणि ई-मेलचं पान उघडून दिलं. मी लिहिते म्हटलं तर नको म्हणाले. एकेक अक्षर शोधत, एका बोटाने, ओठ हलवत लिहीत होते. चुकलं की हळूच “अरेच्चा” म्हणायचे. मी माझ्या टेबलाशी जाऊन पुस्तकांवर नंबर टाकत बसले. पाठवायचं कसं तेवढं विचारायला मला बोलावलं, म्हणून दिसलं. एकच ओळ होती: “वर गेल्यावर भीती वाटते का.”

उत्तर आज दुपारी आलं. मी अण्णांना गिरणीतून बोलावून घेतलं. ते पिठाच्या हातांनीच आले, चष्मा पुसला, तो आणखी पांढरा झाला, तेव्हा तो काढूनच ठेवला आणि मला म्हणाले, तुम्ही वाचा. मी वाचलं:

“वर असताना नाही वाटत अण्णा, तेव्हा हात कामात असतात. खाली उतरल्यावर वाटते.”

त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग उठले, खुर्ची टेबलाखाली सरकवली.

“बरोबर आहे,” म्हणाले. “पोरगा गेला तेव्हा माझंही असंच झालं होतं.”

आणि गिरणी चालू ठेवून आलोय म्हणत घाईघाईने गेले.

तुमची
वहिनी